थांबाताईचा घरचा अभ्यास

आमच्या समुपदेशन केंद्रात नवीन मुली कामाला लागल्या की एका नियमावरून त्यांची कुरकुर सुरू होते. नवराबायको एकत्र यायला लागण्याआधी दोघांना एकेकटं बोलवायचं, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी. एक आत असताना दुसरा बाहेर बसला तर असं कोणतं आकाश कोसळतं, लोकांना कामावरून दोन दोन सुट्ट्या कोण देणार, असं सगळं त्या मला ऐकवतात. ऐकून घेते मी. त्यांच्या वयाची असते तर मीही हेच म्हटलं असतं, आवाज जरा जास्त चढवून. पण मग त्यातली एखादी हळूच विचारते, की हा नियम त्या बाईंमुळेच ना, ज्यांनी कुणाचा तरी चांगला चाललेला संसार मोडला आणि त्यातल्या बायकोला स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकते, म्हणजे पॅन्ट्रीत चहा पिताना कुजबुजायला नको.

'त्या बाई' म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही एकत्र शिकलो आणि एकत्रच इथे लागलो. मला मुलांची खोली मिळाली. तिथे सगळी खेळणी असल्यामुळे पोरं मला खेळणीवाली म्हणतात. माझ्या शेजारची खोली तिची. तिच्याकडे नवराबायको यायचे, कधी अख्खं कुटुंब यायचं. मधल्या भिंतीतून तिकडचं बोलणं ऐकू येत नसे, पण एक शब्द मात्र हमखास यायचा. थांबा. म्हणून मी तिचं नाव थांबाताई ठेवलं, आणि बघता बघता शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले.

तिची पद्धत साधी होती. एकाने बोलायचं. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही, पहिल्याने काय म्हटलं ते आधी परत सांगायचं. पहिल्याने 'बरोबर' म्हटलं की मगच आपलं म्हणणं मांडायचं. मध्येच कुणी तोंड घातलं की ती तळहात वर करायची आणि म्हणायची, "थांबा. त्यांनी काय म्हटलं ते सांगा." तिची उजवी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली आहे, त्यामुळे तो हात कसाही ओळखू यायचा. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं, पण करून बघा. एकदा एक जोडपं भांडतच आत आलं. बायको वर्षानुवर्षं सांगत होती ते एक वाक्य नवऱ्याला काही केल्या परत सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, मॅडम, ही काय बोलते ते मी कधी ऐकलंच नाही, मी फक्त ही कधी थांबते ते बघत होतो. त्यावर बायकोच आधी हसली. ते दोघं अजून रस्त्यात दिसतात, आणि अजून भांडत असतात, पण पाळीपाळीने.

ही पद्धत तिने पुस्तकातून घेतली असली तरी ती तिच्या अंगात मुरली होती ती घरातून. तिचे आईवडील एका घरात राहून एकमेकांशी बोलत नसत. कुणाच्या तरी आजारपणात कोण कुणाला काय बोललं, त्यावरून हे सुरू झालं होतं, आणि मूळ भांडण काय होतं ते पुढे दोघांनाही आठवत नव्हतं म्हणे. मधे ही एकुलती एक मुलगी. बाबांना सांग जेवण झालंय. आईला सांग मला भूक नाही. तिघंही एकाच टेबलाशी बसलेली, आणि निरोप पोचवायला ही. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की दोन्हीकडून बोलणी हिलाच. त्यामुळे जे ऐकलं ते जसंच्या तसं, कानामात्रा न बदलता सांगायचं हे ती शाळेच्या वयातच शिकली. वडील गेले ते न बोलताच गेले. आई अजून तिच्याकडेच आहे, आणि आता तिच्या तोंडाला क्षणभर खंड नसतो.

थांबाताईने लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, सासरचे निरोप कोण पोचवणार. गंमत म्हणून म्हणाली, आणि पुढच्या जोडप्याची फाईल उघडली.

तेव्हाही नवराबायकोला आधी एकेकटं भेटावं असा रिवाज सगळीकडे होता, आमच्याकडेही होता. थांबाताईने तो बंद केला. तिचं म्हणणं असं, की बायकोने एकांतात सांगितलेलं पोटात ठेवून मी नवऱ्यासमोर बसले की झाले मी परत दोघांमधली निरोप्या. जे काय असेल ते दोघांनी एकमेकांच्या तोंडावर बोलावं. घरं मोडतात ती गप्प बसल्यामुळे, यावर तिचा ठाम विश्वास होता, आणि तिच्याकडून बाहेर पडणारी माणसं बघून आमचाही बसला होता. लोक लांबून लांबून तिचं नाव विचारत यायचे. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

ती घरचा अभ्यासही द्यायची. रोज संध्याकाळी थोडा वेळ टीव्ही बंद करून, समोरासमोर बसून, हेच करायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने परत सांगायचं. बहुतेक जण करायचे नाहीत, आणि पुढच्या वेळी शाळेतल्या पोरांसारख्या थापा मारायचे. पाहुणे आले, लाईट गेली, डोकं दुखत होतं.

लिफ्टवाला मात्र अभ्यास चुकवायचा नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कंपनीत होता. वेळेच्या आधी यायचा, पायपुसण्यावर बूट नीट पुसायचा, बायकोसाठी दार उघडून धरायचा. आवाज इतका खालचा, की ऐकायला जरा पुढे वाकावं लागायचं. बायको एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. हॉटेलांच्या चादरी आणि उश्यांचे अभ्रे तिथे ढिगाने येतात. मूल नव्हतं. तक्रार त्याची होती, आणि एकच होती. ही बोलत नाही. घरात आलं की भिंतीबरोबर राहिल्यासारखं वाटतं, मॅडम, मी विचारतो ते विचारतो, ही मूग गिळून बसते. हे ऐकून थांबाताईला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. तिचं सगळं लहानपण समोर येऊन बसलं होतं.

इस्त्रीवालीच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. थांबाताईने पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारलं, पण दोघांसमोर विचारलं. इस्त्रीवाली म्हणाली, लाँड्रीत असं होतंच. नवरा म्हणाला, किती वेळा सांगितलं हिला लांब हातमोजे घाल म्हणून. ते खरंही वाटलं, कारण त्या लाँड्रीतल्या सगळ्याच बायकांचे हात तसे असतात. मी पुढे स्वतः जाऊन बघितले आहेत.

मग आठवड्यामागून आठवडे ते येत राहिले. नवरा बोलायचा, ती परत सांगायची. तिची पाळी आली की ती गप्प. काय जेवलो, चादरी किती आल्या, एवढंच. पण परत सांगण्यात ती इतकी पक्की होत गेली की एक अक्षर चुकत नसे. थांबाताई खूश. आम्ही तिला चिडवायचो, तुझ्या वर्गात हुशार मुलं आली बुवा. तीही म्हणायची, सगळे असे घरी अभ्यास करणारे असते तर माझे केस इतक्यात पिकले नसते.

आणि एके दिवशी ती इस्त्रीवाली बोलली. थांबाताईने तिला विचारलं होतं, की तुम्ही गप्प असता तेव्हा आत काय चाललेलं असतं? विचारलं आणि वाट बघत बसली. वाट बघण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. खूप वेळाने इस्त्रीवाली खाली बघत म्हणाली, "मला यांची भीती वाटते."

थांबाताईने हात वर केला. नवऱ्याला म्हणाली, थांबा, त्यांनी काय म्हटलं ते सांगा. तो शांतपणे म्हणाला, "तिला माझी भीती वाटते." थांबाताईने बायकोला विचारलं, बरोबर? ती म्हणाली, बरोबर. जाताना त्याने थांबाताईचे आभार मानले, म्हणाला, आज मला कळलं मॅडम, इतकी वर्षं हिच्या पोटात काय होतं.

त्या दुपारी पॅन्ट्रीत थांबाताईचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. दगडाला पाझर फुटला, म्हणाली. एरवी साखर टाळणारी बाई, तिने माझ्या बशीतली बिस्किटंसुद्धा संपवली. मलाही तिच्या आनंदाने आनंद झाला. आम्ही दोघी त्या दिवशी कुठल्याशा जुन्या मास्तरांच्या नकला करत बसलो होतो.

पुढच्या भेटीला ते आले नाहीत. लिफ्टवाल्याचा फोन आला. बायको जिन्यावरून पडली, जबडा मोडलाय, दात तारांनी बांधलेत, काही दिवस येता येणार नाही, पण आमची वेळ कुणाला देऊ नका. थांबाताई तिला बघायला दवाखान्यात गेली. आपल्याकडे येणाऱ्यांच्या घरी किंवा दवाखान्यात आम्ही जात नाही, पण तिचा जीव जडला होता त्या दोघांवर. फुलं घेऊन गेली.

आता जे सांगते ते तिने मला सांगितलेलं आहे, आणि तिने सांगितलेला शब्द कधी चुकत नाही.

दुपारची वेळ होती. वॉर्डात सगळ्यांच्या भेटीगाठी चालू होत्या. लिफ्टवाला पलंगाशी बसून बायकोला नळीने सूप पाजत होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी थांबाताईला म्हणाली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, सकाळपासून हलला नाही बघा. त्याने उठून थांबाताईला स्टूल दिलं, फुलं ठेवायला ग्लासात पाणी आणलं. मग जरा अभिमानानेच म्हणाला, "मॅडम, अभ्यास चुकवलेला नाही आम्ही. इथेसुद्धा. बघा."

आणि त्याने तळहात वर केला. करंगळी वाकडी धरून, जशी थांबाताईची आहे तशी. बायको काही बोलत नव्हती, तरी तिला म्हणाला, "थांब. तू लक्ष देऊन चालत नाहीस, म्हणून पडलीस. काय म्हटलं मी?"

जबडा बांधलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही. पण ती बोलली. मिटलेल्या दातांच्या आतून, ओठ जेमतेम हलवत, म्हणाली, मी लक्ष देऊन चालत नाही, पडले. एवढं म्हणाली आणि थबकली. मधला 'म्हणून' राहिला होता. त्याने नुसती सूपची वाटी खाली ठेवली. त्याबरोबर ती पहिल्यापासून परत म्हणायला लागली. मी लक्ष देऊन चालत नाही, म्हणून पडले. परत म्हण असं कुणीही तिला सांगितलं नव्हतं. तारेच्या कडेने रक्त आलं ते तिने जिभेने आत घेतलं, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

तो म्हणाला, बरोबर.

थांबाताई म्हणते, तिथे तिला सगळं एकदम समजलं. रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून ह्या घरात काय होत होतं, एखादा शब्द चुकला की काय होत असेल, ते सगळं. त्या हातांवरच्या डागांचं सुद्धा. आणि त्या दिवशी तिच्या खोलीत 'मला यांची भीती वाटते' म्हणवून घेतल्यावर, घरी जाऊन त्याचा अभ्यास कसा झाला असेल ते.

तेवढ्यात नर्सने त्याला सही करायला काउंटरवर बोलावलं. थांबाताईला जेमतेम मिनिटभर मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या तरी बायकोशी एकटीशी बोलत होती. वाकून तिने विचारलं, "तुम्ही पडला नाहीत ना?"

इस्त्रीवालीने तिच्याकडे बघितलं आणि दातांच्या आतून म्हणाली, "तुम्ही विचारताय, मी पडले नाही ना."

आणि थांबली. 'बरोबर' ची वाट बघत थांबली. थांबाताईने बरोबर म्हटलं नाही. तर तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून ती पहिल्यापासून परत म्हणायला लागली, तुम्ही विचारताय. अर्ध्यात आली आणि नवरा परत आला.

थांबाताईने मग तेच केलं जे आयुष्यात परत करणार नाही असं तिने ठरवलं होतं. निरोप पोचवला. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, पोलीस चौकीत जाऊन बसली. एक पोलीसबाई आली, चांगली होती, तिने नवऱ्याला वॉर्डाच्या बाहेर काढून इस्त्रीवालीला विचारलं. इस्त्रीवालीने प्रश्न परत सांगितला, पोलीसबाई बरोबर म्हणाली, मग ती म्हणाली, पडले. पुन्हा विचारलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा पडले. पोलीसबाईने लिहून घेतलं ते तिने जे सांगितलं तेच. तिचा तरी काय दोष.

लिफ्टवाला बायकोला घरी घेऊन गेला. थोड्या दिवसांनी त्याचा केंद्रात फोन आला, मॅडमची पुढची वेळ कधीची म्हणून. आवाज तोच, खालचा.

थांबाताई माझ्या खोलीत येऊन पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. बाहुलीचं तुटलेलं घर हातात घेऊन उगाच जुळवत होती. म्हणाली, "मारायचं कसं ते त्याला आधीपासून येत होतं. विचारायचं कसं ते मी शिकवलं." मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिला म्हटलं, नंतर रड हवं तेवढं, मी पण रडेन तुझ्याबरोबर, पण ती बाई आत्ता त्या घरात आहे, तिला कसं बाहेर काढायचं ते बोल. ती म्हणाली, काढायचं नाही. एकदा तिच्या तोंडातून मी वाक्य ओढून काढलं. आता तिने येईपर्यंत मी फक्त जवळ राहणार.

मला ते खुळेपणाचं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

तारा निघाल्यावर इस्त्रीवाली परत कामावर जायला लागली. नवरा सकाळी तिला दारात सोडायचा, संध्याकाळी दारातून घेऊन जायचा. मधला दिवस तेवढा मोकळा. लाँड्रीच्या पुढच्या बाजूला आसपासच्या लोकांचे कपडे घ्यायला एक छोटं काउंटर आहे, त्याच्या मागे तिचं इस्त्रीचं मोठं मेज. थांबाताई रोज दुपारी तिथे कपडे घेऊन जायला लागली. घरातले मळके कपडे संपले तेव्हा धुतलेले न्यायला लागली. इस्त्रीचे कपडे हाताने चुरगळून परत इस्त्रीला. तिची आई बोंबलायची, माझ्या उशीचा अभ्रा गेला कुठे, ही पोरगी भ्रमिष्ट झालीय. रस्त्यावरचे लोकही हसत असतील.

तिथे बाकावर बसून ती काही विचारायची नाही. विचारलं की ती बाई प्रश्न परत सांगून वाट बघत उभी राहील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आपलंच सांगायची. आज आईने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि घरभर शोधला. बसमध्ये एक माणूस माझ्या खांद्यावर झोपला. असलं काहीबाही, ज्याला उत्तर लागत नाही. इस्त्रीवाली मान खाली घालून अभ्रे दाबत असायची. कधी तिच्या मानेवर नवा वळ दिसायचा. कधी एक डोळा सुजलेला. थांबाताई ते बघायची आणि चष्म्याची गोष्ट पूर्ण करायची. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले, की तो हिला ठार मारेल आणि तू तिथे गप्पा मारत बसशील. ती म्हणाली, हो, तसंही होईल. रात्री झोप लागत नाही मला त्यानेच.

पण तिने हातावर हात ठेवून बसणं पत्करलं नव्हतं. एका वकीलबाईंना भेटून ठेवलं. त्या पोलीसबाईला दर थोड्या दिवसांनी फोन करायची, इतका की ती वैतागली. लाँड्रीच्या मालकिणीला विश्वासात घेतलं. मागच्या दाराने, जिथून चादरींच्या गाड्या येतात, तिथून बाहेर पडायची वाट बघून ठेवली. बायकांच्या वसतिगृहात जागा मागितली, ती मिळेना. सगळी तयारी ठेवली आणि तोंडाने मात्र चष्मा आणि बस.

पावसाळा गेला, थंडी आली. एका दुपारी थांबाताई बाकावर बसून आईच्या औषधांचं काहीतरी सांगत होती. इस्त्रीवाली अभ्र्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता, वर न बघता, कुणीही न विचारता ती म्हणाली, "मला घरी जायचं नाही."

थांबाताई सांगते, तिचं तोंड उघडलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. तुम्हाला घरी जायचं नाही, हे वाक्य जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, चला.

इस्त्रीचं बटण बंद करून दोघी मागच्या दाराने निघाल्या. वसतिगृहात जागा नव्हती, केंद्राचा पत्ता नवऱ्याला पाठ. म्हणून तिने तिला स्वतःच्या घरी नेलं. आपल्याकडे आलेल्या माणसाला घरी नेऊन ठेवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे, आणि तो चुकीचा नाही. तिलाही तो माहीत होता. दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हणायच्या आत तिने राजीनामा आणून दिला. तिला कुणी काढलं नाही, हे मुलींनो, नीट ऐका. आणि मोडायला तिथे संसार नव्हताच. वेगवेगळ्या दिवसांचा नियम त्यानंतरचा, बाहेर नवरा बसलेला असताना आत कुणी खरं बोलत नाही म्हणून.

लिफ्टवाला केंद्रात आला. पायपुसण्यावर बूट पुसले, बसायला सांगितलं तरी बसला नाही. मीच गेले समोर. म्हणाला, मला फक्त तिच्याशी बोलायचंय, बोलल्याने प्रश्न सुटतात हे मी इथेच शिकलो. माझ्या हातात पोरांचा लाकडी ट्रक होता तो मी त्याच्या डोक्यात कसा घातला नाही, देव जाणे. पोलिसांना फोन केला. वकीलबाईंच्या मदतीने खटला उभा राहिला, अजून चालूच आहे. तो जामिनावर बाहेर आहे आणि अजूनही लिफ्ट दुरुस्त करतो. थांबाताई आता कुठल्याही इमारतीत लिफ्ट दिसली तरी जिना चढते. गुडघे दुखतात तिचे.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. आई टीव्हीवरच्या माणसांना शिव्या देत बसलेली. इस्त्रीवालीचा जबडा जरा तिरका जुळलाय, पण चेहऱ्यावर रंग आहे. घरातली सगळी इस्त्री तिचीच, पडदेसुद्धा कडक. शिवणाच्या दुकानात काम बघितलंय. मला बघून हसली ती. मला फार बरं वाटलं, खरं सांगते, इतक्या दिवसांनी छाती जरा हलकी झाली. म्हटलं, चला, सुटली बाई एकदाची.

ती चहा करायला आत गेली. थांबाताईने इथूनच हाक मारून विचारलं, साखर टाकली का?

आतून आवाज आला, "तुम्ही विचारताय, साखर टाकली का."

चहा उकळत होता. कपाचा आवाज नाही, पावलाचा नाही. मी थांबाताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी दबक्या आवाजात म्हटलं, अगं, अजून? ती म्हणाली, प्रत्येक वेळी. सकाळी उठल्यापासून. मी बरोबर म्हटलं नाही तर ती तिथेच उभी राहते, आणि मग पहिल्यापासून म्हणते. मोठ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलंय, त्या म्हणतात वेळ लागेल. आईला तर वेडच लागतं, ती उत्तराची वाट न बघता स्वतःच साखर टाकते.

आतून परत सुरू झालं, तुम्ही विचारताय.

"बरोबर," थांबाताई म्हणाली.

मग आतून उत्तर आलं, की टाकली.